पंधरावी गाठ

अमरावतीत राजापेठेतल्या आमच्या लॅबचा जिना चढून कुणी बरणी घेऊन आलं, की डॉ. रत्ना उमाळे आधी विचारायच्या, "नाव काय?"

आणणारा माणूस बहुधा गोंधळलेला असायचा. ऑपरेशन आटोपून डॉक्टर बाहेर आलेले, आणि पाठोपाठ कुणीतरी त्याच्या हातात प्लॅस्टिकची बरणी दिलेली. आत फॉर्मॅलिनमध्ये बुडालेला बापाच्या नाहीतर बायकोच्या आतड्याचा तुकडा. ती बरणी कापडी पिशवीत घालून, ऑटोत मांडीवर गच्च धरून तो आलेला. खालच्या मजल्यावर ट्यूशन क्लास, त्यामुळे दारात गाड्यांची ही गर्दी. त्यातून वाट काढत, जिना चढून, धापा टाकत तो म्हणायचा, "सॅम्पल आणलं, मॅडम."

"सॅम्पल साबनाचं रायते, भाऊ. मानसाचं नाव सांगा."

मग तो नाव सांगायचा. मॅडम त्याला बाकावर बसवायच्या, पाणी द्यायच्या आणि बरणी दोन्ही हातांनी धरून आत न्यायच्या. तिथून पुढे रिपोर्ट होईपर्यंत त्या बरणीला तेच नाव. "लीलाबाईले आज राहू द्या, फॉर्मॅलिनमध्ये अजून कडक नाई झाल्या." "सुधाकररावाची चरबी उद्या पाहू." नव्या माणसाच्या अंगावर हे ऐकून काटा यायचा. मी पॅथॉलॉजीत एम.डी. होऊन तिथं रुजू झाले तेव्हा माझ्याही आला होता. पुढे मीही तसंच बोलायला लागले. नावानं बोललं की हात आपोआप जपून चालतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आता मॅडम नाहीत. गेल्या हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या खुर्चीवर मी बसते, आणि बरणी आली की आधी नाव विचारते.

आमच्या कामाची लोकांना फारशी कल्पना नसते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर असला, की सर्जन तो भाग कापून काढतात आणि त्याच्यासोबत आतड्याला धरून ठेवणारा चरबीचा पडदाही काढतात. त्या चरबीत लहान लहान लसिकाग्रंथी असतात. आम्ही त्यांना नुसत्या गाठी म्हणतो. कॅन्सर आतड्याबाहेर निघाला की बहुतेक वेळा आधी या गाठींत येऊन थांबतो. म्हणून रोग्याचं पुढं काय होणार, हे सांगणाऱ्या गोष्टींत या गाठींचं वजन मोठं. त्या साफ असल्या तर पुष्कळदा ऑपरेशनवर भागतं. एकीतही कॅन्सर सापडला, तर सहा महिने सलाईनमधून औषधं घ्यावी लागतात. पण गाठी काही वर ठेवलेल्या नसतात. पिवळ्या चरबीत पिवळट गाठ. एखादी तुरीच्या दाण्याएवढी, एखादी तिळाएवढी. शोधणारा कंटाळला की त्या सापडत नाहीत, आणि न सापडलेल्या गाठीला रिपोर्टमध्ये जागा नसते. निदान बारा तरी शोधाव्यात असं पुस्तकं सांगतात. मॅडम म्हणायच्या, "बारा हे पास होयाचे मार्क आहेत."

त्या उंच होत्या, सावळ्या, हाडापेरानं मोठ्या. सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, हा बाराही महिन्यांचा वेष. रिपोर्ट लिहायच्या ते इंग्रजीत, एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असे. बोलायच्या मात्र अस्सल बाळापूरच्या वऱ्हाडीत, मग समोर सर्जन असो, औषध कंपनीचा माणूस असो, की मुंबईहून आलेला तपासनीस असो. बाळापूरला त्यांच्या घरचा फुलांचा आणि भाजीचा मळा होता. शेवंती, झेंडू, मेथी, वांगी. मोठे भाऊ महादेवदादा तो मळा करायचे. मी इतक्या वर्षांत मॅडमच्या केसांत कधी फूल पाहिलं नाही. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरी फुलं विकाची रायतात, घालाची नाई." लग्नाचं कुणी विचारलं तर, "वेळ नाई भेटला." त्यापुढे विचारायची कुणाची छाती होत नसे.

चरबी चाचपायची त्यांची रीत वेगळी होती. चरबीचे पातळ काप करायच्या आणि मग चक्क डोळे मिटून, अंगठा आणि दोन बोटांमध्ये एकेक काप चुरून पाहायच्या. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. खालून क्लासच्या पोरांचा गलका यायचा, त्याचं काही नाही, पण खोलीत कुणी कुजबुजलं तर डोळे न उघडता म्हणायच्या, "बाहेर जाऊन बोला." मला पहिल्या आठवड्यात एक बरणी दिली. मी आठ गाठी काढल्या आणि झालं म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आता परत पहिल्यापासून." दुसऱ्या खेपेला आणखी पाच निघाल्या. तेव्हा म्हणाल्या, "पाह्य, त्या पाचजनी तुझी वाट पाहून राहिल्या होत्या." एवढंच कौतुक. आणि एवढं करूनही समाधान झालं नाही, तर उरलेली चरबी एका द्रावणात भिजत ठेवायच्या. त्यात चरबी काचेसारखी आरपार होते आणि गाठी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या दिसू लागतात. त्यात दोन दिवस जायचे. आमचे रिपोर्ट उशिरा यायचे म्हणून गावात आमची बदनामी होती, आणि ती खोटी नव्हती.

माणूस म्हणून त्या सोप्या नव्हत्या. चुकीला माफी नाही, आजारपणाची रजा मागितली तरी आधी कपाळाला आठी. त्यांच्या फटकळ बोलण्यानं दोन टेक्निशियन सोडून गेल्या. रोग्यांच्या नातेवाइकांशी मात्र त्या कितीही वेळ बोलायच्या. खरं तर आमच्यासारख्यांना रोगी भेटत नाही. आमच्यापर्यंत त्याचा तुकडा येतो, आणि रिपोर्ट सर्जनकडे जातो. पण मॅडमचा दरवाजा उघडा असायचा.

एकदा सेमाडोहचा एक माणूस आला. मेळघाटात पर्यटकांना वाघ दाखवायला नेणारी जीप चालवायचा. चाळिशीचा, काटक, ऑपरेशन होऊन महिनाही झालेला नव्हता, तरी स्वतःच जिना चढून आला होता. त्याच्या आतड्यासोबत चरबी फारच थोडी आली होती. मॅडमनी ती तीनदा पाहिली, द्रावणात ठेवली. गाठी निघाल्या पाच. पाचही साफ. रिपोर्टमध्ये त्यांनी लिहिलं, की पाच गाठींत कॅन्सर नाही. पण एवढ्या कमी गाठींवरून तो पसरलेला नाही असं म्हणता येणार नाही. त्यावर सर्जनचा फोन आला. मी शेजारीच बसले होते.

"मॅडम, पाच साफ आहेत तर साफ लिहा ना. पेशंट विचारतो, मी काय सांगू त्याला?"

"पाच साफ हायत, हे सांगा. बाकीच्या कुठी हायत ते तुमाले माहीत, मले नाई."

"म्हणजे मी कमी काढल्या असं म्हणताय?"

"सर, मी चरबीचं म्हणून राहिली. पुढच्या वेळी मुळापासून घेजा."

फोन आपटला गेला. त्या दवाखान्यातून बरेच महिने आमच्याकडे बरणी आली नाही. पण रिपोर्टचा शब्द बदलला नाही, आणि म्हणून तो जीपवाला स्वतः आमच्याकडे आला. त्यानं सरळ विचारलं, "मॅडम, मी वाचीन का नाई, एवढं सांगा."

मॅडम म्हणाल्या, "दादा, मी मांसाचं सांगते, मानसाचं सांगत नाई. पाच गाठी भेटल्या, त्यात काई नाई. पण पाचावर मी कसं सांगू?"

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "समजलं. आमच्याकडं पानवठ्यावर वाघाचं पाऊल दिसलं, तर वाघ आला होता हे पक्कं. नाई दिसलं तर वाघ नाईच असं आमी टुरिस्टाले कधीच सांगत नाई."

मॅडम मोठ्यानं हसल्या. त्यांना इतकं हसताना मी क्वचितच पाहिलं. "बस. हेच मी इंग्रजीत लिवलं हाय."

त्या रिपोर्टमुळे त्याला सावधगिरी म्हणून औषधं दिली गेली. तो माणूस अजून आहे, जीप चालवतो. मी एकदा मॅडमना म्हटलं, की तुमच्यामुळे वाचला. त्यांनी मला तिथंच थांबवलं. "त्याच्यात काई होतं का नव्हतं, मले माहीत नाई, तुले माहीत नाई. औषध नसतं घेतलं तरीबी वाचला असता कदाचित. असं बोलत जाऊ नको." आणि ते सर्जन? ते काही महिन्यांनी एका दुपारी स्वतः लॅबमध्ये आले. मॅडम चरबी चाचपत होत्या, डोळे मिटलेले. ते दारात उभे राहून बघत राहिले आणि न बोलता निघून गेले. त्यानंतर त्यांच्याकडून येणाऱ्या बरण्या मोठ्या असायच्या.

मग महादेवदादांचं झालं.

दिवाळीच्या आधी फुलांचा हंगाम असतो. मॅडम त्या वेळी दोन दिवस बाळापूरला जायच्या. त्या वर्षी परत आल्या त्या गप्प. मला म्हणाल्या, "दादाचे डोळे पांढरे झाले, वैशाली. रक्तच नाई अंगात. विचारलं तं म्हने, म्हातारपन. साठीत कायचं म्हातारपन?" त्यांनी भावाला अक्षरशः ओढून अकोल्याला नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली. उजव्या बाजूच्या आतड्यात कॅन्सर निघाला. दादा कित्येक महिने शौचावाटे रक्त पडत असल्याचं लपवून होते. ऑपरेशन अकोल्यालाच झालं, आणि बरणी अमरावतीला आमच्याकडे आली. मॅडम स्वतः आणू शकल्या असत्या, पण त्यांनी भाच्याकरवी पाठवली.

घरच्यांचं आपण पाहायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणाल्या, "तू कर. मी टेबलाजवळ येनार नाई." आणि त्या खरंच आल्या नाहीत. दिवसभर पलीकडच्या खोलीत दुसऱ्यांच्या स्लाइड पाहत बसल्या. मी डोळे मिटून, त्यांनी शिकवलं तसं, एकेक काप चुरून पाहिला. चौदा गाठी काढल्या. स्लाइड झाल्या. चौदाही साफ. मी त्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मग फोन उचलला.

"दादा, गाठी साफ हायत. चौदाच्या चौदा."

फोनमधून पलीकडचा आवाज मला ऐकू आला. वहिनी रडत होत्या, कुणीतरी "पेढे आणा रे" म्हणत होतं. औषधं घ्यावी लागणार नव्हती. मॅडमनी त्या दिवशी लॅबमध्ये सगळ्यांसाठी कचोरी मागवली. हेही आधी कधी घडलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी सकाळी आले, तर त्या टेबलाशी उभ्या होत्या. समोर दादांची बरणी.

"मॅडम?"

"थोडी चरबी उरली हाय. द्रावणात टाकली होती परवा."

"चौदा झाल्या ना. रिपोर्ट गेला. घरी सांगून झालं."

"रिपोर्ट बरोबर हाय तुझा. त्यात काई खोट नाई."

"मग राहू द्या ना."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज चढलेला नव्हता. "लीलाबाईची उरलेली चरबी आपन टाकली होती का? सुधाकररावाची? मंग दादाचीच कशी टाकू? तो भाऊ हाय म्हनून त्याचं कमी पाहू?"

नियम मोडून त्या टेबलाजवळ आल्या होत्या, हे मी बोलले नाही. त्यांना ते ठाऊक होतं.

पंधरावी गाठ निघाली त्याच दिवशी. तिळाएवढी, मोठ्या रक्तवाहिनीच्या अगदी मुळाशी. दुसऱ्या दिवशी स्लाइड आली. मॅडमनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खुर्ची मागे सरकवली. "तू पाह्य. तूच सांग."

मी पाहिलं. गुलाबी-निळ्या पेशींच्या मध्ये त्या वेगळ्या पेशी बसलेल्या होत्या, आतड्यातल्या मूळ ट्यूमरमध्ये होत्या तशाच. शंकेला जागा नव्हती. मी नुसती मान डोलावली. त्या म्हणाल्या, "तोंडानं सांग."

"आहे, मॅडम."

"मंग लिव्ह. सही तू कर."

बाळापूरला मी त्यांना माझ्या गाडीनं नेलं. एकटं सोडवेना. मूर्तिजापूर गेलं, अकोला गेलं, त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मळा गावाबाहेर नदीकाठी, तिथून किल्ल्याची भिंत दिसते. महादेवदादा पोटाला पट्टा बांधून, झेंडूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बायका फुलं निवडत होत्या. बहिणीला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आली का, रत्ने? वहिनीले म्हन पेढे काढ."

मॅडम उभ्याच राहिल्या. "दादा, अजून एक गाठ सापडली."

"म्हंजे?"

"चौदा साफ होत्या. पंधरावीत कॅन्सर हाय. औषध घ्या लागते, सहा महिने."

फुलं निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. दादांना ते उमगायला वेळ लागला. मग म्हणाले, "कोनं सांगतलं होतं तुले अजून शोधाले?"

"कोनं नाई."

"चौदा साफ होत्या ना?"

"होत्या."

"मंग पंधरावी काहून पायली?"

"होती म्हनून, दादा."

दादांनी मान खाली घातली. शांतावहिनी घरातून बाहेर आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "जगाचं पाहता ते पाहा, बाई. घरच्या मानसाले तरी सोडाचं होतं." आणि आत गेल्या. त्या दिवसापासून त्या नणंदेशी बोलल्या नाहीत.

दादांनी औषधं घेतली; बहिणीवर रागावून का होईना, घेतली. दर खेपेला अकोल्याच्या दवाखान्यात सलाईन लागायचं. मॅडम बडनेऱ्याहून गाडी पकडून जायच्या, सलाईन संपेपर्यंत भावाच्या पलंगाशी बसायच्या आणि परत यायच्या. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मीही सोबत गेले होते. दादा डोळे मिटून पडले होते. म्हणाले, "तू जाय ना तिकडं, दुसऱ्याचे शोध. इथं काय बसून राहिली?"

"तिकडं वैशाली रायते. आज तिलेबी घेऊन आली. आता दोघी बसतो."

दादांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि गेलं.

त्या औषधानं बोटांना थंडी सोसत नाही. पहाटे उठून दवात भिजलेली फुलं तोडायची, हे दादांचं जन्माचं काम. ते हिवाळ्यात जमेना. "दव लागलं का बोटाले करंट लागते," म्हणायचे. हातमोजे घालून पाहिले, तर देठ कळेना. शेवटी ते बांधावर उभे राहायचे आणि दुसरे तोडायचे. मॅडमना हे वहिनींकडून नव्हे, शेजाऱ्यांकडून कळलं. त्यांनी आपल्याच बोटांकडे पाहिलं, असं मला आठवतं.

औषधं संपली. तपासण्या चांगल्या आल्या. बोटांचा बधिरपणा पुरता गेला नाही, पण दादा परत मळ्यात राबू लागले. तीन वर्षं बरी गेली. मग एका तपासणीत लिव्हरवर डाग दिसले. त्यानंतर फार दिवस नव्हते.

शेवटी शेवटी ते अकोल्याला दवाखान्यात होते. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम उशाशी होत्या, वहिनी पायाशी. मध्ये पलंगाएवढं अंतर. दादांचा आवाज खोल गेला होता, पण डोकं साफ होतं. म्हणाले, "रत्ने, ते पंधरावी नसती सापडली, औषध नसतं घेतलं, तं काय झालं असतं?"

"माहीत नाई, दादा."

"तुलेबी माहीत नाई?"

"मलेबी नाई."

"आधीच गेलो असतो का?"

"गेले असते कदाचित. नसते बी."

दादा मॅडमकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "मंग ठीक हाय. मले वाटे, तुले माहीत हाय अन् तू सांगून नाई राहिली." आणि त्यांनी बहिणीचा हात धरला. ती बोटं काही जाणत होती की नव्हती, कुणास ठाऊक.

तेरवीला बाळापूरच्या घरी गर्दी होती. जेवणं झाल्यावर वहिनी मॅडमसमोर येऊन बसल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या बोलल्या. "बाई, सहा महिने त्यायचे हात जळत राहिले. जाचं होतं तं गेले. पन ते सहा महिने?"

माझ्या मनात उत्तर तयार होतं. त्या औषधानंच ही तीन वर्षं मिळाली असतील, असं सांगावंसं वाटलं. मॅडमनी ते ओळखलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींना म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्यापाशी नाई, वहिनी." वहिनी उठून गेल्या.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोलायला हवं होतं." अकोला मागं पडेपर्यंत त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "ती गाठ तं ऑपरेशनातच बाहेर निघाली होती. तिनं दादाले नाई मारलं. ती फक्त सांगत होती, का कॅन्सर इथवर आला, पुढंबी गेला असंल. मी तिचं ऐकलं. दुसरं काय करनार होती? ऐकलं अन् कोनाले सांगतलं नाई, असं तं मले जमलं नसतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चुकली ते एकच. चरबी संपाच्या आधी फोन केला. आनंद देऊन काढून घेतला त्यायचा." त्यानंतर त्यांनी कुणालाही, कितीही विनवलं तरी, शेवटची चरबी पाहून होईपर्यंत रिपोर्टचा शब्द सांगितला नाही. लोक चिडायचे. त्या ऐकून घ्यायच्या.

दादांची मुलगी पूजा, लग्न होऊन अकोल्याला होती. बापाला हा रोग झाला म्हणजे मुलांनीही दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी, हे मॅडम सगळ्यांना सांगायच्या. स्वतःची त्यांनी केव्हाच करून घेतली होती. पूजाला मात्र निरोपावर निरोप पाठवूनही ती जाईना. आईचं म्हणणं, पाहायला गेलं की सापडतं.

आणि एका दुपारी शांतावहिनी आमचा जिना चढून वर आल्या. मागे पूजा होती, उतरलेल्या चेहऱ्याची. वहिनींच्या हातात कापडी पिशवी. मी पुढे झाले, पण त्या माझ्याकडे न बघता थेट मॅडमच्या खोलीच्या दारात गेल्या. पूजाला रक्त पडू लागलं होतं. अकोल्याला दुर्बीण घातली, आतड्यात कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला, तो काढून बरणीत दिला होता. वहिनी म्हणाल्या, "बाई, ही बरनी."

मॅडम उठून उभ्या राहिल्या.

"तुमीच पाहजा. दुसऱ्या कोनाले देऊ नका. अन् सगळं पाहजा. काई उरू देऊ नका."

"घरच्यांचं मी पाहत नाई, वहिनी."

"त्यायचं पायलं ना?"

मॅडमनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. मग म्हणाल्या, "वैशाली पाहील. मी तिच्या बाजूले बसीन. उठनार नाई."

तसंच झालं. त्या रात्री वहिनी आणि पूजा मॅडमच्या दोन खोल्यांच्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी स्लाइड आली. मी पाहत होते, मॅडम शेजारी, आणि दाराबाहेर बाकावर वहिनी. मी कोंबाचा देठ पाहिला, तळ पाहिला, आणखी काप करून मागवले, तेही पाहिले. कॅन्सर नव्हता. पुढे होऊ शकला असता, असा कोंब होता, आणि तो मुळापासून निघाला होता. मॅडमनी एकदा, फक्त एकदा, डोळा लावून खात्री केली आणि बाहेर गेल्या.

"कॅन्सर नाई. पन दर काई वर्षानं तपासा लागते तिले. चुकवाचं नाई."

वहिनींनी विचारलं, "सगळं पायलं ना?"

"सगळं पायलं."

वहिनी खाली बसल्या त्या बसल्याच. मॅडम त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. पांढऱ्या बुटांसकट.

पुढे वर्षभरानं मॅडमनी लॅब सोडली. निरोप समारंभाला त्या नको म्हणाल्या, आणि आम्ही ऐकलं. बाळापूरला वहिनींसोबत राहायला गेल्या. फोनवर माझ्याशी बोलायच्या ते कामाचंच. किती निघाल्या, कुठल्या बाजूच्या, द्रावण नीट होतं का.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अकोल्याला. माझ्या मावशीला दाखवायला मी एका दवाखान्यात गेले होते. दुर्बिणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मॅडम बसलेल्या दिसल्या. पूजाची तपासणी आत सुरू असावी, तिचं वर्ष आलं होतं. शांतावहिनींना डुलकी लागली होती आणि त्यांचं डोकं मॅडमच्या खांद्यावर टेकलेलं होतं. मी हाक मारणार, एवढ्यात मॅडमनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी होते तिथंच थांबले. आतून नर्स बाहेर आली, वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. मॅडमनी डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली. सगळं ठीक होतं. त्यांनी वहिनींना उठवलं नाही. खांदा जरासाही न हलवता, ताठ पाठीनं, त्या तशाच बसून राहिल्या.